आर बसवण्यापूर्वी

वरुडात 'आर' म्हटलं की दोन गोष्टी आठवतात. एक सातबाऱ्यावरचा आर. शंभर झाले की हेक्टर, चाळीस झाले की साधारण एकर. दुसरी तुतारीच्या टोकाची आर, जी बैलाला नुसती लागली तरी गाडी पुढं सरकते. म्हणून 'सध्या पोरांना आर शिकवतोय' असं मी टपरीवर म्हणालो, तेव्हा जरूडच्या एका काकांनी चहा बशीत ओतत विचारलं, "हा आर कोनता व्हय सर? सातबाऱ्यावरचा का तुतारीचा?"

या पुस्तकातला आर तिसरा. तो संख्याशास्त्राची आकडेमोड करणारी संगणकाची भाषा आहे, आणि हे पुस्तक ती भाषा शिकवत नाही. ते एवढंच सांगतं की हा आर लिनक्सच्या संगणकावर बसवायचा कसा. एवढ्याशा कामाला पुस्तक कशाला, असं मलाही वाटलं होतं. हस्तलिखित वाचताना माझ्याच जुन्या चुका पानोपानी भेटल्या, तेव्हा ही प्रस्तावना लिहायला मी लगेच हो म्हणालो.

आधी आरचं कूळ सांगतो. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन हे दोघे संख्याशास्त्र शिकवत. त्यांच्या प्रयोगशाळेत मॅकिंटॉश संगणक होते आणि त्यांवर शिकवायला मनाजोगतं साधन नव्हतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी स्वतःच एक लिहायला घेतलं. दोघांच्याही पहिल्या नावाचं इंग्रजी आद्याक्षर आर. शिवाय ज्या भाषेच्या वळणावर ते चालले होते तिचं नाव एस. ती एस भाषा अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ पासून घडवली, आणि त्याच बेल लॅब्जमध्ये १९६९ साली केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची सुरुवात केली होती. म्हणजे आरचा जन्म ऑकलंडचा असला तरी आजोळ युनिक्सचं. लिनक्सवर तो मोकळा वागतो, हट्टही करतो. आजोळी आलेली पोरं दोन्ही करतात. १९९५ मध्ये त्याचा सगळा मूळ मजकूर मुक्त परवान्याखाली खुला झाला, आणि १.०.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी निघाली. तारीख निवडणाऱ्याला विनोदबुद्धी असावी.

आमच्याकडे सॉफ्टवेअर 'टाकतात' आणि विंडोज 'मारतात'. दुकानात लॅपटॉप द्यायचा, 'सगळं टाकून द्या' म्हणायचं आणि संध्याकाळी घेऊन जायचा. काय टाकलं, कुठून आणलं, त्याचा परवाना कुणाच्या नावावर आहे, हे विचारायची पद्धत नाही. संख्याशास्त्राची महागडी पॅकेजं याच वाटेनं गावोगावी पोचली. त्याहून वाईट म्हणजे नुसतं सॉफ्टवेअर नव्हे, अख्खं विश्लेषणच 'करून मिळतं'. आकड्यांची वही द्यायची, दोन दिवसांनी छापील तक्ते घ्यायचे.

अकोल्याला एका विद्यार्थिनीच्या तोंडी परीक्षेला मी हजर होतो. संत्र्याच्या अंबिया बहारातल्या फळगळीवर चार उपचार, पाच पुनरावृत्ती, बागेचा उतार लक्षात घेऊन पाच ब्लॉक पाडलेले. काम प्रामाणिक होतं. पोरगी उन्हातान्हात गळलेली फळं मोजत हिंडली होती. तक्त्याखाली रीतसर एसई (प्रमाणत्रुटी), सीडी (क्रांतिक फरक) दिलेली. परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला : त्रुटीच्या ओळीत डिग्रीज ऑफ फ्रीडम सोळा कशा? चार उपचार आणि पाच ब्लॉक असले तर तीन गुणिले चार, बारा हव्यात. तिला उत्तर देता येईना, कारण ते गणित तिनं केलंच नव्हतं. करून देणाऱ्यानं ब्लॉकचा रकाना सोडून दिला होता आणि वीस झाडं एकाच सपाट शेतात उभी आहेत असं धरलं होतं. उताराचा सगळा फरक त्रुटीत जमा झाला, सीडी फुगली आणि जो उपचार खरोखर सरस होता तो 'सारखाच' ठरला. तो कागद पाहून चूक कुठं झाली हे सांगणारं त्यात काहीच नव्हतं, फक्त निकाल होता. आरमध्ये केलं असतं तर चुकलं नसतं, असं मी म्हणत नाही. आरमध्येही ब्लॉक विसरता येतो. पण तिथे आज्ञेची ओळ लिहिलेली राहते आणि ती ओळ वरुडात बसून वाचणाऱ्यालाही अकोल्याची चूक दिसते. मला आर आवडतो तो एवढ्यासाठी.

अकोल्याचं नाव घेतलं म्हणून सांगतो. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातला प्रबंध उघडा, 'साहित्य आणि पद्धती' या प्रकरणाच्या शेवटी पानसे आणि सुखात्मे यांचं नाव हमखास सापडेल. वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांचं कृषी-संशोधकांसाठीच्या संख्याशास्त्रीय पद्धतींवरचं पुस्तक भारतीय कृषी अनुसंधान परिषदेनं १९५४ मध्ये काढलं. आम्ही त्यावरच वाढलो. पण आमच्या पिढीलाही अनेकदा विसर पडतो की या दोघांचं मोठं काम पुस्तकाबाहेर, शेतात झालं होतं. पीक किती आलं हे बांधावरून नजरेनं ठरवायच्या जुन्या चालीऐवजी चिठ्ठ्या टाकल्यासारखी शेतं निवडायची, त्यात ठरलेल्या मापाचा तुकडा आखायचा, तो कापायचा, वजन करायचं. पीक कापणी प्रयोग म्हणून आज तालुक्यातला प्रत्येक शेतकरी जे ओळखतो, त्याची शास्त्रीय घडी १९४० च्या दशकात या मंडळींनी बसवली. तुकडा केवढा असावा यावरून सुखात्मे आणि प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्यात वाद झाला होता. महालनोबीस छोट्या तुकड्यांच्या बाजूचे, कारण ते स्वस्त आणि भराभर होतात. सुखात्म्यांचं म्हणणं असं की तुकडा जितका छोटा तितकं कडेचं झाड 'आतलं' म्हणून धरलं जायची भीती मोठी, आणि उत्पादन आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. पैसेवारी पन्नासच्या वर लागली म्हणून तहसीलवर मोर्चा नेणाऱ्या माणसाला या वादात काय पणाला लागलं होतं हे वेगळं सांगायला नको.

पानसे-सुखात्म्यांच्या काळी हे सगळं हाताच्या यंत्रावर, मूठ फिरवून चालायचं. प्रत्येक वर्गाची बेरीज कागदावर उरायची. मधल्या काळात संगणक आला आणि पायऱ्या पडद्याआड गेल्या. आरमध्ये त्या पुन्हा दिसू लागल्या. महाराष्ट्रात ही वाट लवकर ओळखणाऱ्यांत पुण्याचे संख्याशास्त्रज्ञ होते. सुधा पुरोहित, शरद गोरे आणि शैलजा देशमुख यांचं आरवरचं पाठ्यपुस्तक निघून बरीच वर्षं झाली. मुंबईच्या आयआयटीतला फॉसी प्रकल्पही मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रसारात आरला धरून आहे. म्हणजे शिकायला साधनं आहेत. अडतं ते त्याआधी, उंबरठ्यावर.

आता उंबरठ्याकडे येतो, आणि त्यासाठी शेंदूरजनाघाटला जावं लागेल. तिथल्या रोपवाटिकांत संत्र्याची कलमं कशी होतात हे वरुडच्या वाचकाला मी काय सांगणार? जंबेरीचं बी टाकायचं, खुंट वाढवायचा आणि त्यावर चांगल्या झाडाचा डोळा बांधायचा. घेणारा बी घेत नाही, तयार कलम घेतो. लिनक्सवर आर दोन्ही प्रकारे मिळतो, आणि नवख्या माणसाचा गोंधळ होतो तो इथंच.

उबुंटू किंवा डेबियन या लिनक्सच्या वितरणांवर टर्मिनल उघडून 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल आर-बेस' अशी आज्ञा दिली (पुस्तकात या आज्ञा अर्थातच इंग्रजी अक्षरांत, जशा टंकायच्या तशा छापल्या आहेत) की वितरणाच्या भांडारातून तयार कलम येतं. फेडोरावर हेच काम डीएनएफ करतो. पाच-दहा मिनिटांत आर सुरू. माणूस खूश होतो आणि मग आरच्या आतून एखादं पॅकेज मागवतो. समजा, शेतीप्रयोगांसाठीचं ॲग्रिकोली. आणि पडदा भरभर पळू लागतो. जीसीसी, जीफोरट्रान, इशारे, पुन्हा इशारे, आणि शेवटी एक्झिट स्टेटस शून्य नाही असा कोरडा निरोप. नवख्याला वाटतं, लॅपटॉप गेला.

काही गेलेलं नसतं. विंडोज आणि मॅकवर क्रॅन या आरच्या मध्यवर्ती भांडारातून पॅकेजं तयार कलमाच्या रूपात येतात. लिनक्सवर तीच मागणी केली की क्रॅन बी पाठवतं, म्हणजे मूळ मजकूर, आणि तुमच्या संगणकानं ते जागेवर रुजवायचं असतं. त्याला अवजारं लागतात. 'आर-बेस-डेव' नावाचं पुडकं आणलं की कंपायलर आणि बाकीचं बरंचसं येतं. शिवाय काही पॅकेजांना खालून दुसऱ्याच खुंटाचा आधार लागतो : इंटरनेटवरून काही आणणाऱ्यांना लिबकर्ल आणि ओपनएसएसएल, एक्सएमएल वाचणाऱ्यांना लिबएक्सएमएल. हे खुंट आरचे नाहीत, ते संगणकाच्या प्रणालीतून आणावे लागतात, आणि तेही नावाच्या शेपटीला 'डेव' लागलेले. त्रुटीच्या त्या लांबलचक निरोपात कुठल्या खुंटावाचून अडलं ते बहुतेक वेळा लिहिलेलं असतं, शेवटच्या ओळीच्या बरंच वर. लोक शेवटची ओळ वाचतात आणि घाबरतात. वर सरकून वाचा. या पुस्तकाचं तिसरं प्रकरण तेवढ्यासाठीच आहे, आणि माझ्या मते तेच सगळ्यांत मोलाचं आहे.

बी रुजवायचं नसेल तर सोपी वाट आहे. डेबियन-उबुंटूच्या भांडारात अनेक पॅकेजं आधीच कलम करून ठेवलेली असतात, त्यांच्या नावाआधी 'आर-क्रॅन' असं लावलेलं असतं. डर्क एडलब्यूटल हे गृहस्थ डेबियनसाठी आरची ही मशागत वर्षानुवर्षं करत आलेत. त्यांच्याच 'आर-टू-यू' या उपक्रमातून उबुंटूवाल्यांना क्रॅनची पॅकेजं तयार मिळतात.

भांडारातलं कलम मात्र थोडं जुनं असतं. उबुंटू २२.०४ बरोबर आर ४.१.२ येतो, २४.०४ बरोबर ४.३.३. नवा हवा असेल तर क्रॅनचं भांडार संगणकाच्या यादीत जोडावं लागतं, आणि त्याआधी त्या भांडाराची सहीची किल्ली आणावी लागते. ही पायरी लोकांना नसती कटकट वाटते आणि ती टाळायच्या युक्त्या एकमेकांना सांगितल्या जातात. रोपवाटिकेची खूण न पाहता हातगाडीवरून कलमं घेतलेले लोक आपल्या तालुक्यात थोडे नाहीत. खुंट जंबेरीचा होता की आणखी कशाचा, हे झाड फळावर यायच्या वेळी कळतं, आणि तोवर पाच वर्षं गेलेली असतात. किल्ली जोडा.

आणखी एक सवय मोडायला हवी. आर पॅकेज बसवताना विचारतो की मुख्य जागेत लिहायची परवानगी नाही, तुमच्यासाठी वेगळं वैयक्तिक ग्रंथालय करू का? उत्तर 'हो' द्यायचं. परवानगीचा अडसर दिसला की सुडो लावून, म्हणजे रूट या मुख्य वापरकर्त्याच्या अधिकारानं, आर चालवणारे अनेक शूर मी पाहिलेत. नंतर निम्मी पॅकेजं रूटच्या मालकीची होतात, अद्ययावत करताना अडतात, आणि मग आर वाईट ठरतो.

विजेचं काय, हा प्रश्न वरुडात विचारला जाणारच. भारनियमनात मध्येच लाईन गेली, लॅपटॉपची बॅटरी मेलेली, आणि ॲप्ट अर्ध्यावर. मूठभर लोक अशा वेळी पुन्हा सगळी लिनक्सच मारतात. गरज नाही. 'डीपीकेजी' ला अर्धवट राहिलेली मांडणी पुरी करायला सांगणारी एक ओळ आहे, आणि ॲप्टला तुटलेलं जोडायला सांगणारी दुसरी. दोन्ही मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला छापा, असा मी लेखकाला आग्रह केला आणि त्यानं तो मानला.

आवृत्तीचा विषय मघाशी निघालाच होता, तर माझी एक फजिती सांगून टाकतो. वीस झाडांवर चार उपचार वाटायचे होते. कुठल्या झाडाला काय, हे आरकडून यादृच्छिक पद्धतीनं ठरवून घेतलं. अशा वेळी आरला आधी एक आकडा द्यायचा असतो, त्याला तो 'सीड' म्हणतो, म्हणजे बियाणंच. तोच आकडा पुन्हा दिला की तीच वाटणी पुन्हा मिळते. मी निश्चिंत होतो. आकडा लिहून ठेवला, झाडांना पट्ट्या बांधल्या. मृगाच्या पावसात निम्म्या पट्ट्या धुऊन निघाल्या. दरम्यान लॅपटॉप बदललेला. नव्यावर तोच आकडा देऊन वाटणी काढली आणि शिल्लक पट्ट्यांशी ताडली, तर जुळेना. एक दिवस मी बागवानावर संशय घेतला, दुसऱ्या दिवशी वानरांवर. खरं कारण असं की २०१९ मध्ये आलेल्या ३.६.० या आवृत्तीत आरनं चिठ्ठी उचलायची पद्धत बदलली होती. जुन्या पद्धतीत फार मोठ्या संचातून निवड करताना सगळ्यांना अगदी समान संधी मिळत नसे, ती खोट काढली होती. बदल योग्यच होता. जुन्या पद्धतीनं चिठ्ठ्या उचल असं आरला सांगायची सोयही ठेवलेली होती, आणि तसं सांगताच वाटणी पट्ट्यांशी जुळली. बागवानाची मी माफी मागितली. वानरांची मागायची राहिली.

तेव्हापासून मी प्रत्येक कामाच्या शेवटी 'सेशनइन्फो' ही आज्ञा देऊन आलेला मजकूर वहीत चिकटवतो. कुठला आर, कुठली प्रणाली, कुठल्या पॅकेजची कितवी आवृत्ती, सगळं त्यात असतं. ४.० ला, २०२० साली, असाच आणखी एक बदल झाला, फाईलमधल्या शब्दांचे रकाने आर आपणहून गट म्हणून धरत असे ते थांबलं. तो किस्सा पुस्तकात आहे, इथं लांबण नको.

आपल्या लिपीबद्दल मात्र थोडं लांबवतो, कारण वरुडची नोंदवही देवनागरीत असते. बेनोडा, पुसला, लोणी, राजुरा बाजार ही नावं फाईलमध्ये देवनागरीत लिहिली तर चालेल का? लिनक्सवर बिनदिक्कत. आजच्या लिनक्सची मुळातली लिपीव्यवस्थाच यूटीएफ-८ आहे. विंडोजवर आरला हे सुख २०२२ च्या ४.२.० आवृत्तीपासून लाभलं. त्याआधी गावांच्या नावांच्या जागी चौकटी आणि कोनातले आकडे पाहून मी वैतागलो होतो. पण दोन खड्डे लिनक्सवरही आहेत. आलेखावर देवनागरी अक्षरं हवीत तर तसा फाँट संगणकावर असायला हवा, आणि पीडीएफ काढताना साध्या पीडीएफऐवजी कैरो-पीडीएफ वापरायला हवं, नाहीतर नावांऐवजी टिंबं छापली जातात. दुसरा खड्डा आकड्यांचा. '१२' असं देवनागरीत लिहिलेलं आर आकडा मानत नाही. संख्या कर म्हटलं की 'एनए' म्हणून मोकळा होतो. अक्षरामागे अक्षर बदलून देणारं एक छोटं फंक्शन आहे, एका ओळीत वही पालटते. ते ठाऊक नसल्यामुळे सगळे आकडे पुन्हा टंकत बसलेला एक कर्मचारी मी पाहिला आहे.

आर नीट बसला का, हे कसं ओळखायचं? लोक दोन अधिक दोन करून बघतात. त्यापेक्षा इंग्रजीत 'ऑरेंज' हा शब्द, पहिलं अक्षर मोठं, टंकून एंटर दाबा. ही थट्टा नव्हे. आरच्या पोटात नमुन्यादाखल जे आकड्यांचे संच येतात त्यातला एक संत्र्याच्या झाडांचा आहे. पाच झाडं, प्रत्येकाच्या सात नोंदी, एकूण ३५ ओळी. झाडाचा क्रमांक, वय दिवसांत, आणि खोडाचा घेर मिलिमीटरमध्ये.

शेंदूरजनाघाटच्या एका रोपवाटिकावाल्या काकांचा मुलगा माझ्याकडे शिकायला यायचा. एकदा त्याच्यासोबत काकाही आले, आणि त्याच्या लॅपटॉपवर आर बसवून झाल्यावर मी हाच शब्द टंकला. इंग्रजी आकडे त्यांना वाचता येत होते. पडद्याजवळ खुर्ची ओढून ते बराच वेळ बघत राहिले. चौथ्या क्रमांकाचं झाड सगळ्यांत जोमाचं, ११८ दिवसांचं असताना ३२, शेवटी १५८२ दिवसांना २१४. तिसरं सगळ्यांत मागे, १४० वर थांबलेलं. हे कुणीही सांगेल. काकांनी बोट ठेवलं ते १३७२ आणि १५८२ या दोन वयांच्या मध्ये. सात महिने गेले आणि घेर किती वाढला? एका झाडाचा १४२ वरून १४५. दुसऱ्याचा २०३ होता, २०३ च राहिला. तिसऱ्याचा १३९ वरून १४०. आणि त्याआधीच्या पाचेक महिन्यांत तीच झाडं वीस-तीस मिलिमीटर फुगलेली.

"या दोन ओळीच्या मधात हिवाळा गेला असंन सर," काका म्हणाले.

मी मदतीचं पान उघडलं. त्यात लिहिलंय की दिवस ३१ डिसेंबर १९६८ पासून मोजलेत. मुलाला म्हटलं, आता तूच आरला विचार. त्यानं तारखेत दिवस मिळवायची आज्ञा टंकली. १३७२ वा दिवस निघाला ३ ऑक्टोबर १९७२. १५८२ वा, १ मे १९७३.